मुर्द्याची चाल

हिम्मतराव त्या दुपारी गाडीखान्यात गेला तो फक्त लाकडाचं माप घ्यायला. सुताराची पट्टी हातात, पेन्सिल कानावर, तोंडात पान. ह्यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, माणूस मुळातच वाईट होता. वाईट नव्हता हो. घाईत होता. आणि घाईतल्या माणसाच्या हातून जे होतं, ते वाईट माणसाच्या बापालाही जमत नाही.

काळच घाईचा होता. हैदराबादचं राज्य भारतात आलं होतं आणि संस्थानाच्या जुन्या फौजेची मोडतोड चालू होती. कुठली पलटण ठेवायची, कुठली मोडायची, कोण नव्या वर्दीत उभा राहणार आणि कोण वळकटी उचलून गावी जाणार, रोज नवी आवई उठायची. अंबरपेठेच्या अंगाला एका लहानशा पलटणीचा तळ होता, तिथे हिम्मतराव वाहनांचा जमादार. परभणीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, पण नांगर सोडून इंजिनाला हात घातलेला. घरात बायको कुसुम आणि एकच लेक, पद्मा. लई नवसाची. बापाला ती दादा म्हणायची, आणि त्याच्या ट्रकचा भोंगा ऐकला की जेवत्या ताटावरून उठून दारात यायची. हिम्मतरावाचा सगळा जीव त्या पोरीत. तिच्यासाठी नोकरी टिकली पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

गाडीखान्यात उभा होता सलामीचा गाडा. एकेकाळी त्याच्यावर तोफ असायची. पुढे तोफ उतरवली, वर रुंद शिसवी फळ्या ठोकल्या, आणि पलटणीतला कुणी मेला की त्याला त्या गाड्यावरून न्यायची रीत पडली. रिसालदार असो की घोड्यांची लीद काढणारा असो. पुढे घोड्यांच्या तीन जोड्या, मागे उलट्या बंदुका धरलेले शिपाई, आणि घोडे चालणार पावलापावलाने. त्या चालीला तळावर 'मुर्द्याची चाल' म्हणायचे. जिवंतपणी ज्याला कुणी सलाम केला नाही, त्यालाही त्या दिवशी रस्ता वाट देत असे.

ह्या गाड्याच्या दोन रीती होत्या. एक, त्याच्यावर जित्या माणसाने आडवं व्हायचं नाही. फळ्यांवर कुणी निजला की घोडे आपोआप मुर्द्याची चाल धरायचे, मग चाबूक मोडा नाहीतर शिव्या द्या. आणि दुसरी, मसणवटीतून गाडा रिकामा परतायचा नाही. मुर्दा उतरला की त्याच्या जागी घोड्यांच्या चंदीचं पोतं ठेवायचं, हरभऱ्याचं. तळावर आल्यावर तेच घोड्यांना चारायचं. का, असं कुणी विचारत नव्हतं. रीत ती रीत.

आणि गाडा हाकायचा अंबाजी. पुढच्या जोडीतल्या बिजली नावाच्या घोडीवर मांड टाकून बसायचा. म्हातारा झाला होता, गुडघे गेले होते, पण जिभेने टक् टक् असा आवाज काढला की सहाही घोडी कान टवकारायची. आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवलं त्याने. त्याची मागणी एकच होती.

"हिम्मत, मला तेवढं गाड्यावरून न्यायचं बघ. घोडे राहोत, न राहोत. माणसं ओढतील. पण गाड्यावरून."

हिम्मतरावाने खंडोबाचा भंडारा उचलून शब्द दिला होता. "दिला शब्द, अंबाजीबाबा. तुम्ही काळजी करू नका." शब्द द्यायला काय लागतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग नवे साहेब आले. त्यांनी घोडे पाहिले आणि नाक मुरडलं. "आता ट्रक," म्हणाले. घोड्यांचा लिलाव झाला, शहरातल्या झटकेवाल्यांनी ते नेले. टांग्याला आमच्याकडे झटका म्हणतात, आणि बसून पाहिलं की का म्हणतात ते कळतं. बिजलीला नेलं त्या दिवशी अंबाजी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला आणि तिथेच रस्त्यात बसून राहिला. शेवटी त्याची बायको भामा त्याला हाताला धरून घरी घेऊन आली.

लढाईतून उरलेले काही ट्रक पलटणीला मिळाले. हिम्मतरावाच्या वाट्याला आलेल्या ट्रकचा हौदा पार कुजलेला. खाली रस्ता दिसायचा. तपासणी तोंडावर आली होती. ज्याची गाडी तयार तो नव्या फौजेत, बाकीच्यांनी आपापल्या गावची वाट धरायची. लाकूड येतं येतं म्हणत येईना. आणि गाडीखान्यात शिसवीच्या चांगल्या जाड फळ्या नुसत्या धूळ खात पडलेल्या.

म्हणून ती पट्टी, आणि म्हणून ती पेन्सिल.

साहेबांनी परवानगी दिली, वर पाठ थोपटली. गाडा उघड्यावर आणून फोडला. कुऱ्हाडीचे घाव तळभर ऐकू जात होते. अंबाजी ओसरीवर खाटेवर बसून पाहत होता. हिम्मतराव घाम पुसत जवळून गेला तेव्हा त्याने विचारलं, "मग मी कशावरून जाऊ रे?"

हिम्मतरावाला लाज वाटली होती. पण लाज वाटली की काही माणसं गप्प बसतात आणि काही थट्टा करतात. हा दुसऱ्या जातीचा. म्हणाला, "ट्रकवरून जा की बाबा! त्याच फळ्या बसवतोय. लाकूड तेच आहे."

"लाकूड तेच," म्हातारा म्हणाला. "मग गाडाही तोच, हिम्मत. हाकणाराही तोच."

तपासणीत हिम्मतरावाचा ट्रक पहिला आला. त्याची नोकरी पक्की झाली. त्याने पद्माला नव्या फळ्यांवर उभं करून तळाला चक्कर मारली, आणि पोरगी खिदळत टाळ्या पिटत होती. त्याच आठवड्यात अंबाजी गेला.

थंडीची सकाळ होती. मुशी नदीवर धुकं होतं. अंबाजीला ट्रकमध्ये ठेवलं, आणि हिम्मतरावाने, काय सांगू तुम्हाला, त्याला पळवत नेलं. दुपारी साहेबांना स्टेशनावर सोडायचं होतं ना! खड्डा आला की ट्रक उडायचा, आणि मागे म्हाताऱ्याचं डोकं फळीवर आपटायचं. ठक्. ठक्. पुढे बसलेल्या हिम्मतरावाला ते ऐकू येत होतं. पायी निघालेली माणसं मागे राहिली. भामा हौद्यात बसली होती, नवऱ्याचं डोकं मांडीवर घ्यायला धडपडत होती आणि ओरडत होती, "हळू न्या हो! भावजी, हळू!"

घाटावर सगळं उरकलं. भामाने येताना हरभऱ्याचं एक पोतं बरोबर आणलं होतं, ते ती फळ्यांवर ठेवायला लागली. हिम्मतरावाने ते उचललं आणि खाली टाकलं. "वहिनी, ट्रक काय हरभरे खातो? ह्याला पेट्रोल लागतं."

"घोड्यांसाठी नव्हतं ते," भामा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "जागा रिकामी दिसू नये म्हणून असतं. रिकामी जागा दिसली की बसणारा बसतो."

"बसू द्या. सीट मोकळीच आहे."

"मी सांगितलं. आता माझ्या दारी येऊ नका." तिने पोतं डोक्यावर घेतलं आणि ती चालत निघाली.

परतताना ट्रकमध्ये हिम्मतराव एकटा. घाटाच्या चढावरून गाडी वर आली आणि तिचा वेग उतरला. त्याने पाय दाबला. इंजिन गुरगुरलं, पण चाकं काही ऐकेनात. क्लच बघितला, गिअर बदलला. काही नाही. गाडी चालत होती ती पावलापावलाने, एका ठेक्यात, मध्ये किंचित थांबून. ती चाल हिम्मतरावाने आयुष्यभर पाहिली होती. पण ओळखायची नाही म्हटलं की माणूस स्वतःच्या आईलाही ओळखत नाही. पेट्रोलमध्ये कचरा असेल, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. मागून जळक्या लाकडाचा नाही, तर घामेजल्या घोड्याचा वास येत होता.

साहेबांची आगगाडी चुकली ते वेगळंच.

मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं. हौद्यात माल असला, शिपाई असले, की ट्रक वाऱ्यासारखा पळायचा. रिकामा झाला की मुर्द्याची चाल. दुसरा कुणी असता तर भामाच्या पायावर जाऊन पडला असता. हिम्मतरावाने युक्ती केली. वाळूची दोन पोती कायमची हौद्यात टाकून ठेवली. विचारलं कुणी तर सांगायचं, गाडी उडू नये म्हणून. भूत असलं तरी ते वाळूला फसतंय, ह्याचं त्याला मनातून हसूही यायचं. मात्र संध्याकाळनंतर तो गाडीच्या आरशात बघेनासा झाला.

असं वर्षभर चाललं. आणि पुढच्या थंडीत पद्माचा घसा धरला.

आधी वाटलं साधं पडसं-खोकला. कुसुमने काढा दिला. दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हाच्या वेळी पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि ओठ निळे पडले. तळावरच्या डॉक्टरने घशात पाहिलं आणि तो ताडकन उठला. "घटसर्प आहे. मोठ्या दवाखान्यात न्या. घशात नळी घालावी लागेल. लगेच, जमादार! उशीर केलात तर उपयोग नाही."

हिम्मतराव धावत ट्रककडे गेला. हौद्यात गादी टाकायची होती आणि वाळूची पोती मध्ये येत होती. त्याने दोन्ही पोती ओढून खाली फेकली. आता गाडी रिकामी कुठे आहे, त्याने विचार केला, पोर आहे, तिची आई आहे. गादी अंथरली. पद्माला त्या शिसवी फळ्यांवर आडवं निजवलं. कुसुम उशाशी बसली. जित्या माणसाने आडवं व्हायचं नाही, ही रीत त्याला आठवली नाही. कुठल्या बापाला आठवेल?

फाटकातून ट्रक सुसाट निघाला. आणि अंबरपेठेचा रस्ता लागताच वेग उतरला.

"नको..." हिम्मतराव म्हणाला. "आत्ता नको. अंबाजीबाबा, आत्ता नको..."

त्याने पाय पार तळाला टेकवला. इंजिन ओरडत होतं, धूर निघत होता, आणि गाडी पावलापावलाने चालली होती. रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन उभी राहायला लागली. एका म्हाताऱ्या दुकानदाराने डोक्यावरची टोपी काढली. कशासाठी काढली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"अहो, पळवा ना!" मागून कुसुम किंचाळली.

"पळत नाही गं!"

मागून एक झटका आला आणि ट्रकच्या बरोबरीने चालू लागला. झटकेवाल्याने आत वाकून पाहिलं. "जमादारसाब, बच्ची कू मेरे झटके में डालो. अब्बी पोंचा देतौं."

हिम्मतरावाने घोडी पाहिली. हाडं निघालेली, पण कपाळावरचा पांढरा टिळा तोच. बिजली. ती झटक्याकडे नाही, रस्त्याकडे नाही, ट्रकच्या हौद्याकडे बघत होती, कान टवकारून. आणि मग त्यानेही ऐकलं. इंजिनाच्या घरघरीत, अगदी मानेमागे, जिभेचा आवाज. टक्... टक्... बिजलीने मान हलवली आणि तीही मुर्द्याच्या चालीने चालायला लागली.

तरीही त्याने पोरीला झटक्यात दिलं असतं तर? कोण जाणे. घोडी चाबूक खाऊन पळालीही असती. पण हिम्मतराव म्हणाला, "हट! तुझ्या मरतुकड्या घोडीच्या आधी माझी गाडी पोचेल!" तो खाली उतरला, झाकण उघडून इंजिनात डोकं खुपसलं. तारा ओढून पाहिल्या, प्लग पुसला. सगळं ठीक होतं. सगळं अगदी ठीक होतं, हेच वाईट. हात भाजले तरी तो तिथेच चाचपडत राहिला. तोवर झटका निघून गेला.

"अहो..." कुसुमचा आवाज एकदम खाली आला होता. "इथे पायथ्याशी कुणीतरी बसलंय. गादी दबलीय..."

तेव्हा कुठे त्याने पोरीला उचललं आणि छातीशी धरून पळत सुटला. पुलावरून पळाला, बाजारातून पळाला, माणसं ढकलत, रडत, खंडोबाला हाका मारत. दवाखान्याच्या दारात डॉक्टरने पोरीला त्याच्या हातातून घेतलं, घशाला हात लावला, आणि मग तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी न्यायची वेळ आली तेव्हा शेजाऱ्यांनी खांदे पुढे केले. हिम्मतराव म्हणाला, "ट्रकमधून न्यायची."

"वेड लागलंय का तुम्हाला?" कुसुम म्हणाली.

"ह्याच ट्रकमधून. दुसऱ्या कशातूनही नाही."

कुणी वाद घातला नाही. दुःखातल्या माणसाशी कोण भांडणार? तो पुढे बसला, डोळे पुसले, आणि गाडी आपल्या मुर्द्याच्या चालीने घाटावर गेली. ह्या खेपेला त्याने पाय दाबलाच नाही.

सगळं संपल्यावर भामा गर्दीतून पुढे आली. तिच्या डोक्यावर हरभऱ्याचं पोतं होतं. वर्षभर तिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणाली, "भावजी, माझं वैर तुमच्याशी होतं, लेकराशी नाही. त्यांनी हे का केलं, मला ठाऊक नाही. जिवंत होते तेव्हा असे नव्हते हो... पण आता पोरीची जागा भरा. पाया पडते तुमच्या."

हिम्मतराव तिच्याकडे बघून हसला. ते हसू पाहून भामा दोन पावलं मागे सरली.

"भरू कशी वहिनी? जागा भरली तर ती बसेल कुठे?"

तेव्हा लोकांना कळलं, तो ट्रक कशासाठी घेऊन आला होता. कुसुम धावत पुढे झाली, त्याचा हात धरला, पण त्याने तो झिडकारला. पोतं उचलून नदीत फेकून दिलं. आणि एकटा गाडीत बसून निघाला.

सूर्य मावळला होता. धुकं रस्त्यावर चढत होतं. घाटाच्या चढावर गाडीचा वेग उतरला आणि हिम्मतरावाच्या तोंडून हुंदका फुटला, आनंदाचा. फळ्या करकरल्या. ओझं चढल्यासारखी गाडी मागे किंचित दबली. त्याने पाठीमागच्या जाळीला तोंड लावलं.

"पद्मे... आलीस का गं?"

घोड्याचा वास आला. टक्... टक्... आणि मग, हौद्यातून नव्हे, त्याच्याही मागून, खालून, रस्त्यावरून, दम लागलेला बारीक आवाज आला.

"दादा... मला बसू देत नाहीत. अंबाजीआजोबा सरकतच नाहीत..."

त्यानंतर हिम्मतरावाची नोकरी गेली. जी टिकवायला एवढं केलं, तीच गेली. दिवस कलला की तो तळाच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. ट्रक परतला की हौद्याच्या मागच्या फाळक्याला धरून सोबत चालायचा आणि हात जोडून म्हणायचा, "बाबा, थोडं सरका... माझं चुकलं... लेकराला एवढीशी जागा द्या..." शिपाई त्याला हाकलायचे. पुढे कुसुमने त्याला गावी नेलं. तिथे तो फार दिवस जगला नाही, म्हणतात.

मग राज्याचेच तुकडे झाले. मराठवाडा इकडे, कर्नाटक तिकडे, आणि आंध्राची राजधानी कर्नूलहून उठून कचेऱ्यांसकट हैदराबादेत आली. जुना ट्रक एका सरकारी खात्याकडे गेला, नव्या ड्रायव्हरकडे. तो कर्नूलचा, तेलुगू माणूस. त्याला ना गाडा माहीत, ना अंबाजी, ना हिम्मतराव. त्याला कुणी काही सांगितलंही नव्हतं.

एकदा विद्यानगरच्या चहाच्या टपरीवर तो मेकॅनिकजवळ तक्रार करत होता. गाडी तशी चांगली आहे म्हणाला. माल असला की झकास पळते. फक्त रिकामी परत आणताना वेगच घेत नाही, पायी चालल्यासारखी येते.

मेकॅनिक म्हणाला, "घेऊन ये, बघतो. वेग वाढवून देतो."

ड्रायव्हरने चहाचा पेला बाकावर ठेवला. मग म्हणाला, "नको. राहू दे तसाच. वेग वाढवला तर ती पोरगी मागे राहील."

"कुठली पोरगी?"

"रोज आरशात दिसते. फाळक्याला धरून मागनं चालत येते. पायात चप्पल नसते. एवढी जागा रिकामी असते आत, मी म्हणतो बस ना बाई वर... तर नुसती मान हलवते, आणि हौद्यात कुणाकडे तरी बघते."